बामणोलीची एसटी आणि पलीकडची लाँच

आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन साताऱ्यात झालं. तिला घरी सोडायला चैत्रात मी कोपरखैरण्याहून गेले, म्हणून हा अनुभव लिहितेय. तिचं गाव शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पलीकडच्या काठावर आहे. आधी सातारा-बामणोली एसटी, मग लाँच, मग अर्धा तास चढण.

एसटीला माझ्याकडून पैकीच्या पैकी. आजीचं वय ऐंशीच्या पुढे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत आहे, तरी कंडक्टर मास्तरांनी आधार कार्ड बघून तिला रीतसर शून्य रुपयाचं तिकीट फाडून दिलं. तिने ते घडी घालून चंचीत ठेवलं. मला अर्धं तिकीट. यवतेश्वरचा घाट, कासचं पठार, मग बामणोलीचा उतार. डोळ्यावर हिरवी पट्टी, पण कुठलं वळण आलं ते आजी गाडीच्या हेलकाव्यावरून सांगत होती.

बामणोलीला उतरलं की खरी परीक्षा. पावसाळ्यानंतर कोयना धरण भरलेलं असतं (१०५ टीएमसीचं पोट आहे त्याचं), तेव्हा पाणी पार वर येतं. चैत्रात ते इतकं खाली जातं की बुडालेल्या शेतांचे जुने बांध उघडे पडतात. लाँचपर्यंत गाळ तुडवत जावं लागतं आणि चढायला एक हलती फळी. ऑपरेशन झालेल्या म्हातारीला त्या फळीवरून कसं न्यायचं? लाँच चालवणाऱ्या तांडेलानेच खाली उडी मारली, "आजे, धर माझा खांदा" म्हणाला आणि तिला अलगद आत बसवलं. मग माझ्याकडे बघून, "तू कुणाची गं?" आईचं माहेरचं नाव सांगितल्यावर त्याने माझी पिशवीही घेतली. गाडीचा हॉर्न ऐकला की ही मंडळी लाँच थांबवून धरतात, याचे गुण वेगळे द्यायला हवेत.

गुण कापते ते काठाचे. ना सावली, ना बायकांसाठी आडोसा. आजीला भर उन्हात तासभर दगडावर बसवून ठेवावं लागलं.

एवढ्याशा माणसांसाठी गाडी आणि लाँच कशाला, असं विचारणारे भेटतात. त्यांना उत्तर द्यायचंय. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ९८८ बायका होत्या आणि राज्यात ९२९. आमच्या खोऱ्यातले पुरुष मुंबईच्या बाजारात माथाडी म्हणून गेले. माझे दोन्ही मामा त्यातलेच. ती शिरगणती झाली फेब्रुवारीत, आणि गाव भरतं चैत्रातल्या यात्रेला! फेब्रुवारीत कुलूप लागलेल्या घरात यात्रेला दहा-दहा माणसं जेवतात. तरी प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत रस्ता मिळतो तो डोकी मोजूनच. सपाटीवर वस्ती ५०० ची हवी, डोंगरी राज्यांत किंवा आदिवासी भागात २५० ची. जनगणनेच्या गाव-यादीत बस नसेल तर ती पाचच्या आत, पाच ते दहा की दहा किलोमीटरच्या पलीकडे, एवढं एक अक्षर लिहितात. मधलं पाणी त्या अक्षरात कुठे दिसायचं? आता २०२७ ची जनगणना येतेय. मामांना मी निक्षून सांगितलंय, तेव्हा गावच्या घरी कुणीतरी असायलाच हवं.

जाणाऱ्यांसाठी: सकाळचीच गाडी धरा, सुट्टे पैसे ठेवा, उन्हाळ्यात चपला हातात घ्यायची तयारी ठेवा. वासोटा किल्ल्याला जाणाऱ्यांनी आपली बोट वेगळी ठरवावी, गावच्या लाँचमधली जागा अडवू नये.

परतीला मी एकटीच होते. लाँच सुटेपर्यंत आजी वरच्या बांधावर उभी होती. पट्टी काढायला अजून तीन दिवस होते, तरी हात बरोबर माझ्याच दिशेला हलवत होती.