फ्लॅप तीन की फुल?

घाटकोपर-कुर्ल्याच्या पत्र्यांवरून विमान 27 नंबरच्या धावपट्टीकडे उतरू लागलं की पंखामागच्या खिडकीतून बघा. घूंऽऽ असा आवाज करत पंखाची मागची कड बाहेर सरकते आणि खाली वाकते. हेच फ्लॅप. एअरबस ए320 मध्ये ते हलवायच्या कॉकपिटमधल्या दांड्याला पाच खाचा असतात, 0, 1, 2, 3 आणि फुल. एरवी उतरायला शेवटच्या दोनच वापरतात.

फुलवर पंखाची उचल सगळ्यात जास्त, म्हणून वेग कमी ठेवता येतो आणि टेकल्यावर विमान लवकर थांबतं. जुलैत धावपट्टी पाण्याने चकाकत असताना मी तर फुलच मागेन (मला विचारतंय कोण म्हणा!).

तीनवर हवेची ओढ कमी. इंजिनांना जोर कमी लावावा लागतो, थोडं इंधन वाचतं, आवाजही जरा कमी होतो. वेग मात्र काही नॉट (विमानाचा वेग मोजायचं एकक) जास्त, नाक किंचित वर आणि थांबायला जागा जास्त. मुंबईची मुख्य धावपट्टी सुमारे 3.4 किलोमीटरची, त्यामुळे कोरड्या दिवशी हे खुशाल चालतं. गंमत म्हणजे, वारा अचानक दिशा-वेग बदलेल अशी शंका असली तर पावसातही तीनचा विचार होतो, कारण उतरणं सोडून पुन्हा वर चढायची वेळ आली तर कमी ओढ कामी येते. तीन निवडलं की 'फुल नाही, तीनच हवंय' हे विमानाला कळवायला एक बटणही दाबावं लागतं. विसरलात तर जमिनीजवळ विमान स्वतःच ओरडतं, 'टू लो, फ्लॅप्स!'