महिला कबड्डीचं लाइव्ह: गेल्या वर्षी एक तारा, यंदा साडेतीन

लाइव्ह करणारा माणूस तोच, कॅमेरे तेच, दोन दिवसांचे पैसेही तेच: १८,००० रुपये. तरी तारे का बदलले, ते सांगते. महिलांची स्पर्धा लाइव्ह करायला कुणाला बोलावणार असाल तर उपयोगी पडेल.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महिला कबड्डीचं मंडळ चालवते. डिसेंबरात आमची खुल्या गटाची स्पर्धा असते. पोरी सगळ्या वीस-पंचविशीतल्या. कुणी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, कुणी पोलीस भरतीच्या तयारीत, दोघी-तिघी लग्न झालेल्या. गेल्या वर्षी पहिल्यांदाच लाइव्ह ठेवलं. शेजारच्या गावातला एक जण लग्नं, कुस्त्यांची मैदानं आणि बैलगाडा शर्यती लाइव्ह करतो, त्यालाच सांगितलं. नाव लिहीत नाही, कारण पोरगा वाईट नाही आणि यंदा त्यानं ऐकलंय.

आधी जे चांगलं ते. दोन दिवसांत एकदाही लाइव्ह तुटलं नाही. दोन कंपन्यांची सिमकार्डं, स्वतःचा जनरेटर, खाली गुणांची पट्टी, आणि ती वेळच्या वेळी बदलत होती. चहासुद्धा स्वतःचा आणला होता.

आता कॅमेरा. एक मध्यरेषेजवळ स्टँडवर, तो ठीक. दुसरा त्याच्या खांद्यावर, आणि हा गडी अंतिम रेषेच्या मागे चक्क मांडी घालून बसलेला. कबड्डी ज्यांनी खेळलीय त्यांना लगेच कळेल. समोरून चढाई येते तेव्हा सातही जणी कमरेत वाकून, हात पसरून उभ्या असतात. त्यांच्या पाठीमागे, जमिनीपासून हातभर उंचीवर कॅमेरा. दोन दिवस लोकांनी काय बघितलं असेल ते मी वेगळं सांगायला नको.

उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटाला २७-२७ अशी बरोबरी. चढाईवालीनं बोनसवर पाय टाकला म्हणे, पंच म्हणाले नाही. आरडाओरडा सुरू झाला. मी म्हटलं, लाइव्ह आहे ना, मागे घे, बघू. बोनस मिळायचा तर एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला हवा आणि दुसरा उचललेला. स्टँडवरच्या कॅमेऱ्याला लेफ्ट कव्हर, म्हणजे बचावातली एक जण, आडवी आलेली. खांद्यावरच्या कॅमेऱ्यानं त्याच क्षणी झूम केलेलं, लेफ्ट कॉर्नरच्या पाठमोऱ्या अंगावर. आम्हाला चढाईवालीचा पाय हवा होता, तेवढा सोडून सगळं होतं. पंचांचा निर्णय राहिला, आणि हरलेला संघ जेवायलासुद्धा थांबला नाही.

हे तिथंच मिटलं असतं. तिसऱ्या दिवशी त्यानं एक क्लिप टाकली. चौदा सेकंद, स्लो मोशन, वर गाणं. पकडीत पडलेली मुलगी उठते आणि जर्सी खाली ओढते, एवढंच. थंबनेललाही तोच क्षण. अंतिम सामना पूर्ण बघणारे दोन हजारसुद्धा नव्हते. हे चौदा सेकंद चार दिवसांत लाखाच्या वर गेले. खालच्या कमेंटी इथे लिहिण्याजोग्या नाहीत. त्या मुलीला घरी भावानं विचारलं, हेच दाखवायला जातेस का? आठ दिवस ती सरावाला आली नाही. आली ती घोळदार ट्रॅकपँट घालून, आणि चढाईत वाकली की आधी मागे कोण उभं आहे ते बघायची. चढाईतला तेवढा अर्धा सेकंद पकडवालीला पुरतो.

मी त्या लाइव्हवाल्याच्या दुकानात गेले. बायको आणि लहान पोर तिथंच होतं, म्हणून आवाज चढवला नाही. तो म्हणाला, "मॅडम, मी काय वेगळं केलं ओ? टीव्हीवर पण असंच दाखवत्यात. आणि व्ह्यूज त्यालाच येत्यात."

मला पटकन उत्तर सुचलं नाही, कारण तो खोटं बोलत नव्हता. आमच्या सांगलीच्या स्मृती मानधनाचंच बघा. २०१७ च्या विश्वचषकानंतर हिच्या कव्हर ड्राइव्हवर जेवढी अक्षरं छापून आली, त्याहून जास्त 'नॅशनल क्रश' म्हणून आली असतील. आणि बाहेर तर नियमच तसे होते. बीच हँडबॉलमध्ये पुरुषांना शॉर्ट्स आणि बायकांना बिकिनी, तिची बाजूची पट्टी दहा सेंटिमीटरपेक्षा रुंद नको. हे नियमपुस्तकात लिहिलेलं! २०२१ मध्ये युरोपियन स्पर्धेत नॉर्वेच्या मुली शॉर्ट्स घालून उतरल्या, तर संघाला १,५०० युरो दंड. कपडा जास्त घातला म्हणून दंड. आमच्याकडे कमी घातला म्हणून बोलणी. मापाची पट्टी दोन्हीकडे दुसऱ्याच्याच हातात. बोभाटा झाल्यावर त्याच वर्षी तो नियम बदलला, ते सोडा.

पण टीव्हीवाल्यांचीच दुसरी गोष्ट मला ठाऊक होती, ती मी त्याला सांगितली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये प्रक्षेपणाचे प्रमुख यानिस एक्सार्कोस यांनी कॅमेरामन लोकांना कळवलं, की पुरुष खेळाडूला जसं टिपता तसंच बाईला टिपा. नकळत का होईना, बायकांचे क्लोजअप जास्त घेतले जातात, हे त्यांनीच कबूल केलं. मी म्हटलं, "अरे, ऑलिम्पिकच्या कॅमेऱ्यावर बसणाऱ्यांना सांगावं लागतं, तर मी तुला सांगितलं म्हणून तुझी काय इज्जत जाते?" तो हसला. क्लिप त्याच संध्याकाळी काढून टाकली.

यंदा बुकिंगच्या पावतीमागे पेनानं अटी लिहून घेतल्या. कॅमेरा मध्यरेषेच्या बाजूला, आठ फूट उंचीवर. खेळ सुरू असताना अंतिम रेषेमागे कुणी बसायचं नाही. कुणी पडली, लागलं, कपडे सावरतेय, तर लांबचं दृश्य घ्यायचं. थंबनेल मी निवडणार. क्लिप कापली तर आधी आम्हाला दाखवायची. लाइव्हखालच्या कमेंटी बंद. तो उंचीवरून कुरकुरला. मंडपवाल्याच्या परांचीचे १,५०० कोण देणार? निम्मे निम्मे केले.

आणि काय सांगू, उंचीवरून कबड्डी दिसते! पकडणाऱ्यांची साखळी कशी फिरते, कॉर्नर कधी आत येते, चढाईवाली कुणाला फसवून कुणाकडे जाते, राखीव क्षेत्रात पाय कुणाचा आधी गेला, सगळं. मी इतकी वर्षं मैदानाच्या कडेला उभी राहून शिकवते, मलाच आमच्या राइट कव्हरची चूक परवा पहिल्यांदा कळली: ती हात आधी टाकते, पाय मागून आणते. बोनसवरून दोनदा वाद झाला, दोन्ही वेळा अर्ध्या मिनिटात मिटला. स्पर्धेनंतर पुरुष संघांच्या दोन प्रशिक्षकांनी फोन करून रेकॉर्डिंग मागितलं. गेल्या वर्षीचं कुणी मागितलं नव्हतं, निदान त्यांनी तरी.

तर मग पूर्ण पाच का नाहीत? दीड तारा कापला तो दोन गोष्टींसाठी.

एक, निवेदक. पॅकेजमध्ये तो फुकट येतो, म्हणजे त्याचा मित्र. प्रदर्शनीय पुरुष सामन्यात हा गडी "काय चवडा काढला!" (म्हणजे पाय धरून पकड केली) म्हणून ओरडतो, आणि आमच्या पोरीनं तोच चवडा काढला की "नाजूक हातांची करामत" म्हणतो. त्या हातांनी तिनं तासाभरापूर्वी तिच्याहून दहा किलो जड बाईला आडवं पाडलेलं. बक्षीस समारंभात तर कहर. उत्कृष्ट चढाईपटूला ट्रॉफी दिली आणि माइकवर म्हणाला, "ताई, गाणं लावतो, एक ठुमका होऊन जाऊ द्या!" मला २०१८ चं पॅरिस आठवलं. फुटबॉलचा बॅलन डी'ओर पुरस्कार पहिल्यांदाच बाईला मिळालेला, आडा हेगरबर्ग स्टेजवर, आणि सूत्रसंचालक विचारतो, कंबर हलवून नाचता येतं का? ती "नाही" म्हणाली. आमची पोरगी काही बोललीच नाही, नुसती ट्रॉफी घेऊन खाली उतरली. माइक मी काढून घेतला. थोडी खेचाखेची झाली, ती लाइव्हवर दिसते.

दुसरी गोष्ट त्याच्या हातात नाही, पण सुरुवात त्याचीच. ती चौदा सेकंदं त्यानं काढून टाकली, तोवर लोकांनी उचललेली. तीन पानांवर सापडली, तिन्हींची तक्रार केली, दोघांनी हटवली. तिसऱ्यावर आजही आहे, आता दुसरंच गाणं लावून. दर पंधरवड्याला मी जाऊन बघते. त्या मुलीनं मला विचारणं सोडलंय.

सेवा घ्यावी का? घ्या, पण पावतीमागे लिहून घ्या, तोंडी बोलू नका. परांचीचं मंडपवाल्याला आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही. पुढच्या डिसेंबरचं बुकिंग मी त्यालाच दिलंय, २,००० इसारा देऊन. निवेदनाला मात्र आमचीच एक जुनी खेळाडू बसणार आहे. बाळंतपणामुळे तेव्हा तिला खेळता येणार नाही, आणि आवाज तिचा सगळ्या मैदानाला पुरतो.