फोर्टमधील मराठी हेरिटेज वॉक : तट दिसतो, जमीन राहून जाते

मुंबईतील इंग्रजांच्या सुरुवातीच्या वसाहतीवर एका हौशी गटाने मराठीतून सुरू केलेला हेरिटेज वॉक हॉर्निमन सर्कलपासून निघतो आणि सेंट जॉर्ज रुग्णालयापाशी संपतो. निवेदनाची मराठी शुद्ध, ओघवती आणि नाटकीपणापासून दूर आहे.

फेरीचा उत्तम भाग टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर ऐकायला मिळतो. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला मुंबई आंदण दिली, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु १६६२ मध्ये ताबा घ्यायला आलेल्या अब्राहम शिपमनला पोर्तुगीजांनी कागदपत्रांतील उणिवा दाखवून दाद दिली नाही, त्याला कारवारजवळच्या अंजदीव बेटावर तळ ठोकावा लागला, तेथे तो आणि त्याचे बहुतेक सैनिक दगावले, आणि उरलेल्या मूठभरांसह हम्फ्री कुकने फेब्रुवारी १६६५ मध्ये बेटाचा ताबा घेतला, ही हकिकत मार्गदर्शक बाईंनी फार नेटकेपणाने उलगडली. हा ताबा दिला गेला तो वाडा एके काळी वनस्पतिवेत्ता गार्सिया द ओर्ता याच्याकडे होता. त्या जागी उभा राहिलेला किल्ला आज नौदलाच्या ‘आयएनएस आंग्रे’च्या आवारात असल्याने आत जाता येत नाही, हे नोंदणीच्या वेळीच सांगायला हवे होते. (इंग्रजांच्या किल्ल्याला आंग्र्यांचे नाव, यावर मात्र सगळेच खुशीत हसले.)

सेंट थॉमस कॅथेड्रलपाशी थांबणे थोडकेच आहे. मुंबईचा इंग्रज गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याच्या काळात हाती घेतलेले हे चर्च १७१८ च्या नाताळात खुले झाले आणि चर्चगेट हे नाव त्यावरूनच पडले, एवढे सांगून मंडळी पुढे सरकतात.

माझी खरी तक्रार पुढची आहे. राजाने १६६८ मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंडांवर दिली, हा किस्सा रंगवून सांगितला जातो. पण जमिनीवर आधीपासून हक्क असलेल्या रहिवाशांशी ऑंजियरने १६७२ मध्ये केलेल्या तडजोडीचा, म्हणजे वर्षाला २०,००० झेराफिनच्या (पोर्तुगीज नाण्यांच्या) बदल्यात त्यांच्या जमिनी त्यांच्याकडे ठेवण्याच्या कराराचा, उल्लेखही येत नाही. कोळी आणि भंडारी प्रास्ताविकात ‘मूळ रहिवासी’ म्हणून भेटतात आणि तेथेच मागे पडतात. ऑंजियरने उभारलेल्या लष्करी तुकड्यांत भंडाऱ्यांचा भरणा होता, हे सांगायला कितीसा वेळ लागला असता? शेवटी रुग्णालयाजवळचा तटाचा अवशेष ‘ऑंजियरचा किल्ला’ म्हणून दाखवला जातो, हे तर साफ चूक आहे. तो फोर्ट जॉर्जचा, सुमारे शंभर वर्षांनंतरच्या वाढीव बांधकामाचा तुकडा आहे.

तरीही शुल्क माफक आहे आणि प्रश्नांना टाळाटाळ होत नाही. बरोबर जुन्या बेटांचा नकाशा ठेवावा, कारण गटाने वाटलेल्या छायाप्रतीवर माहीम आणि वरळी ओळखताच येत नाहीत.