भाडेपट्ट्याची भीती दाखवून ड्रेनेजच्या कामात झालेली फसवणूक

नवीन नाशिकमधील आमची इमारत सिडकोच्या भाडेपट्ट्यावरील जमिनीवर उभी आहे. गेल्या पावसाळ्यात तळमजल्यावरील दोन घरांच्या न्हाणीघरांतून सांडपाणी उलटू लागले. वरच्या मजल्यावर कुणी वॉशिंग मशीन रिकामे केले की खाली जाळीतून साबणाच्या फेसासह काळे पाणी वर येई आणि थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागे. त्यांपैकी एका घरात अंथरुणाला खिळलेल्या आजी असल्याने काम तातडीने व्हावे असे सर्वांनाच वाटत होते आणि ही निकड कामासाठी बोलावलेल्या ठेकेदाराने अचूक हेरली.

त्याने एकाही चेंबरचे (सांडपाण्याच्या लाइनवरील तपासणीच्या हौदाचे) झाकण न उचलता मुख्य लाइन खचल्याचे सांगितले आणि पुरावा म्हणून मोबाइलवर कॅमेऱ्याने टिपलेले पाइपच्या आतले चित्रीकरण दाखवले. त्यातला पाइप सिमेंटचा होता, तर आमची लाइन पहिल्यापासून चिनी मातीच्या पाइपांची आहे. पुढे त्याने असा धाक घातला की, जमीन भाडेपट्ट्याची असल्यामुळे सिडकोच्या परवानगीशिवाय खोदकाम केल्यास पट्टाच रद्द होईल. ही परवानगी मिळवून देण्यासाठी म्हणून त्याने 18,000 रुपये रोख घेऊन शिक्का मारलेली पावती दिली आणि कामाची आगाऊ रक्कम म्हणून 40,000 रुपये वेगळे घेतले. शिवाय पाणी तळमजल्यावर येते म्हणून जास्तीचा वाटा त्याच दोन घरांनी उचलावा, असे सुचवून त्याने शेजाऱ्यांमध्ये विनाकारण वाद लावला. वस्तुतः गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (कारभाराच्या नमुना नियमांनुसार) सामाईक ड्रेनेज लाइनची दुरुस्ती संस्थेने स्वतःच्या खर्चाने करायची असते. सभासदाकडे येते ती त्याच्या सदनिकेतील शौचालय, सिंक यांची गळती.

काम सुरू करायला आलेल्या दोन मुलांना त्याने हातमोज्यांशिवाय चेंबरमध्ये उतरायला सांगितले, तेव्हा आमच्या सचिवांनी त्यांना अडवले. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आत साचणारा वायू क्षणात जीव घेतो. या प्रसंगानंतर ठेकेदाराचा फोन बंद झाला. सिडकोच्या कार्यालयात चौकशी केली असता त्या पावतीची कुठेही नोंद नसल्याचे कळले. बिलावरचा जीएसटी क्रमांकही 14 अक्षरांचा निघाला. खरा क्रमांक 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्रात तो 27 ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो.

त्यानंतर आलेल्या जुन्या प्लंबरने आधी इमारतीपासून रस्त्यापर्यंतची सगळी झाकणे ओळीने उघडायला लावली आणि वरून बादलीभर पाणी सोडायला सांगितले. दुसरे चेंबर काठोकाठ भरलेले आणि तिसरे कोरडे, म्हणजे अडथळा त्या दोघांच्या मधे. पहिले चेंबर कोरडे असून घरात पाणी उलटत असेल, तर दोष इमारतीच्या आतील लाइनमध्ये असतो. शेवटच्या चेंबरसह रस्त्यावरचे मॅनहोलही तुंबलेले असेल, तर तक्रार महापालिकेच्या ड्रेनेज विभागाकडे करावी लागते, खाजगी ठेकेदाराकडे नव्हे. आमच्याकडे त्या दोन चेंबरमधल्या पाइपात लांब लवचीक पट्टी घालून फिरवल्यावर थिजलेल्या तेलकट थरात गुंतलेले फडके आणि पाइपच्या सांध्यातून शिरलेली झाडाची मुळे बाहेर आली. खोदकाम करावेच लागले नाही आणि मजुरीसह 3,500 रुपयांत पाणी वाहू लागले.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (फसवणूक) खाली पोलिसांकडे लेखी तक्रार दिली आहे. ग्राहक आयोगातही तक्रार दाखल केली असून 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क लागत नाही. प्राथमिक मार्गदर्शन 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मिळाले. आगाऊ रक्कम बँकेतून दिली असल्यामुळे तिचा पुरावा आमच्याजवळ आहे. रोख दिलेल्या 18,000 रुपयांसाठी मात्र ती बनावट पावती आणि त्या वेळी हजर असलेल्या सभासदांचे जबाब एवढाच आधार असून दोन्ही तक्रारींना त्यांच्या प्रती जोडल्या आहेत.