डिस्प्लेकॅल वापरून बघितलं, पैठणीचा जांभळा परत आला

मावसबहिणीच्या लग्नाचा अल्बम छापून आला आणि पोटात गोळाच आला, स्क्रीनवर एवढी सुंदर दिसणारी जांभळी पैठणी कागदावर तपकिरीकडे गेलेली आणि हळदीच्या फोटोत सगळ्यांचे चेहरे पिवळे आणि अंधारलेले. आधी लॅबवाल्याला फोन लावला पण फाईल जशी दिली तशीच त्यानं छापली होती, घोळ माझ्या मॉनिटरचा होता. तो निळसर आणि फुल ब्राइटनेसवर, म्हणून मी प्रत्येक फोटो पिवळा आणि डार्क करत बसलो होतो.

मग मित्राकडून स्क्रीनवर ठेवून रंग मोजायचा सेन्सर आणला आणि डिस्प्लेकॅल टाकलं, म्हणजे मॉनिटरचे रंग जुळवून देणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे आणि आतलं मोजमाप आर्गिल नावाचं दुसरं सॉफ्टवेअर करतं. मूळ आवृत्ती २०१९ नंतर थांबलीय, आता लोकांनी पुढे चालवलेली पायथन ३ (प्रोग्रॅमिंगची भाषा) वाली घ्या. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा, नाईट लाईट बंद, टार्गेट पांढऱ्यासाठी ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसतात ते) २.२ आणि ब्राइटनेस १२० कँडेला. सुरुवातीला लाल, हिरवी, निळी पट्टी दिसते, माझी निळी पार पुढे गेलेली, मॉनिटरच्या बटणांनी एकेक पॉइंट कमी करत तिन्ही मध्यावर आणल्या, हा भाग मला सगळ्यात आवडला कारण चूक डोळ्यांसमोर सरळ होताना दिसते. पुढचे रंगाचे चौकोन ते आपोआप मोजतं, वेळ लागतो, जेवून या.

शेवटी मॉनिटरचं प्रोफाइल बनतं, म्हणजे तो रंग कसे दाखवतो याची फाईल. ते बसल्यावर फोटोशॉप बंद करून परत उघडा, नाहीतर जुनंच प्रोफाइल धरून बसतं. आणि हे नीट वाचा, कलर सेटिंग्जमधे वर्किंग स्पेस (फोटो ज्या रंगमोजणीत एडिट होतो ती) म्हणून मॉनिटरचं प्रोफाइल अजिबात निवडू नका, तिथे एसआरजीबी किंवा अॅडोबी आरजीबी ही ठरलेली प्रोफाइलंच हवीत, मॉनिटरचं प्रोफाइल फोटोशॉप सिस्टीममधून स्वतः घेतं. लॅबला द्यायच्या आधी कन्व्हर्ट टू प्रोफाइल करून एसआरजीबी करा. असाईन प्रोफाइल नको, त्यात आकडे तेच राहतात आणि रंग उडतो. प्रोफाइल एम्बेड करायची टिक पण ठेवा.

मेन्यू किचकट आहेत, पहिल्या दिवशी डोकं धरलं. डिस्प्लेकॅलमधे मॉनिटरचा प्रकार बघून सेन्सरसाठी करेक्शन (मोजमापातली दुरुस्ती) निवडावं लागतं, माझा व्हाईट एलईडी होता, ते चुकलं तर मोजमापच चुकतं. तरीही माझ्याकडून पाचपैकी साडेचार. तोच अल्बम नव्यानं एडिट करून परत छापला, मावशीनं पैठणीचा काठ फोटोशेजारी धरून बघितला आणि म्हणाली, हा बघ, हाच रंग.