लोकर-रेशमाचं चित्र: साबणपाणी की सुई?

दोन्ही करून झालंय. आधी दीडेक वर्ष सुई, म्हणजे नीडल फेल्टिंग: खाचांच्या सुईने टोचून टोचून लोकरीचे केस एकमेकांत गुंतवायचे आणि त्याचं चित्र करायचं. त्यानंतर आता तिसरा पावसाळा साबणपाणी, म्हणजे तेच काम सुईऐवजी गरम साबणपाण्यात लोकर चोळून-लाटून. त्यामुळे कुणी सल्ला मागितला की मी आधी घरात रांगतं मूल आहे का ते विचारतो. का, ते पुढे येईलच.

मुंबईच्या घरात सुईच सोयीची वाटते, मलाही वाटली होती. फोमचा ठोकळा, चार सुया, रंगवलेल्या लोकरीचे पेळू, सगळा संसार बिस्किटांच्या डब्यात मावतो. जेवणं आटोपली की बातम्या ऐकत टोचत बसायचं. भरावाला 36 नंबरची सुई, बारकाव्याला 40 ची. होडीचा दोर, खिडकीचे गज, माणसाचं नाक ही कामं सुईशिवाय होत नाहीत, निदान माझ्या हातून तरी नाहीत. साबणपाण्यात आपण क्षितिज सरळ मांडतो आणि लोकर आटताना ते स्वतःच्या मर्जीने वाकतं. माझं काम हमखास तिसऱ्या हिश्शाने आटतं. 15 इंचांचं चित्र हवं तर 22-23 इंच मांडून बसावं लागतं.

पण चित्रात रेशीम घालायचं असेल तर गणित बदलतं. लोकरीसारखे खवले रेशमाला नसतात, त्याला कुणीतरी धरून ठेवावं लागतं. सुईने ते आत ढकललं की जिथे टोचलं तिथे चकाकी खड्ड्यात जाते. हात राखून टोचलं तर वर सुटं राहतं आणि पुसायला गेलं की बोटाला लागून येतं. साबणपाण्यात लोकरीचे केस रेशमातून वर येतात आणि त्याला बांधून टाकतात. शिवाय लोकर आटते, रेशीम आटत नाही, मग त्याला बारीक चुण्या पडतात. मरीन ड्राइव्हच्या भरतीचं चित्र करताना लाटेच्या माथ्यावर चिमूटभर पांढरं रेशीम पसरलं होतं. वाळल्यावर बघतो तर फेस उसळलेला. तो मी केला म्हणणं खोटं ठरेल.

त्रास आहेच. किचनच्या ओट्यावर बबलरॅप, त्यावर लोकरीचे आडवे-उभे थर, वर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा, किसलेल्या साबणाचं गरम पाणी. मग सगळं लाटण्याला गुंडाळून दोन-तीनशे वेळा पुढेमागे. (लाटणं वेगळं ठेवा, घरात शांतता राहते.) खांदे भरून येतात. घरी रंगवलेली लाल लोकर नीट खळबळली नसेल, तर पांढऱ्या रेशमाला गुलाबी झाक येते. आणि जुलैत चित्र तीन-तीन दिवस वाळत नाही. पंख्याखाली ठेवलं की घरभर ओल्या मेंढीचा वास. शेजारच्या काकूंनी एकदा दारातूनच विचारलं, "घोंगडी धुतलीत का हो?" सुरुवात करायचीच तर ऑक्टोबरच्या उन्हात करा.

एवढं सोसूनही सुई सोडली, ती जिऱ्याएवढ्या एका टोकापायी. ही सुई ज्या कोनात घुसते त्याच कोनात बाहेर काढावी लागते. मनगट जरा कललं की कट्. आवाजही धड येत नाही. त्या रात्री टोक गेलं तेव्हा नात नुकती रांगायला लागली होती, आणि मी बसलो होतो तिच्याच चटईवर. फ्रिजवरचा लोहचुंबक काढून चटई, चादर, फरशीच्या फटी, सगळीकडून फिरवला. मोबाइलचा टॉर्च लावून बायको आणि मी गुडघ्यांवर. एक सेफ्टी पिन निघाली, एक स्टेपल निघाली. टोक नाही. मग चित्रावर चुंबक धरला. लोकर दाबून, उलटी करून बघितली. काही नाही. नातीला आठवडाभर खाली सोडलं नाही आणि मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

कुणी म्हणेल, सुया जपून वापराव्यात. बरोबर आहे. मी तोवर चार मोडल्या होत्या, तीन टोकं सापडली होती. तुमचा हात माझ्यापेक्षा स्थिर असेल, दार लावून बसता येईल अशी खोली असेल, चेहरे किंवा पक्षी करायचे असतील, तर सुईच घ्या, मी अडवणार नाही. आधी साबणपाणी आणि शेवटी बारकाव्यापुरती सुई असं करणारेही पुष्कळ आहेत. त्यांची कामं बघून मला हेवा वाटतो. पण समुद्र, आभाळ, पावसातली झाडं असलं काही मनात असेल आणि हाताशी रेशीम असेल, तर आधी बादली भरून बघा असं मला वाटतं. कसरीसाठी डांबरगोळ्या मात्र दोन्हीकडे लागणारच.

सुईचं ते अर्धवट चित्र माळ्यावर आहे. बहिणीने दोनदा मागितलं, "तसंच दे, फ्रेम मी करते" म्हणाली. टोक त्यात नाही याची खात्री होत नाही, म्हणून अजून दिलेलं नाही.