घरी बनवलेला इंजिन स्टँड: आठ महिने, सात इंजिनं आणि एक जळालेली केबल

इंजिन उघडलं, बांधलं, गाडीत बसवलं, सेल्फ मारला, आणि क्रँकच्या (इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) मागच्या ऑइल सीलमधून तेल ठिबकायला लागलं. म्हणजे पुन्हा गिअरबॉक्स उतरवा. ज्याने हे एकदा भोगलंय त्याला, गाडीत बसवण्याआधी इंजिन बाहेरच चालवून बघायचा स्टँड कशाला हवा ते सांगायची गरज नाही. माझ्यावर ही वेळ एकाच इंजिनावर दोनदा आली. दुसऱ्या खेपेला चूक माझीच होती, सील तिरकं बसलं होतं. त्याच आठवड्यात मी पाइप कापायला घेतला.

आधी एक घोळ मिटवतो. बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडणारं घंटेसारखं तोंड) चार बोल्टांवर इंजिन अडकवून गरागरा फिरवता येतं, तो बांधणीचा स्टँड. त्याच्यावर इंजिन चालू करायचं नाही. सगळं वजन एका बाजूने लटकलेलं असतं आणि फ्लायव्हीलची (क्रँकच्या मागच्या टोकावरच्या जड चाकाची) बाजू अडलेली असते. शिवाय रेस दिली की इंजिन क्रँकच्या उलट दिशेला कलंडू बघतं. चालवायचा स्टँड त्या झटक्याच्या हिशेबाने रुंद आणि बुटका लागतो.

माझा सांगाडा 50 मिमी चौकोनी पाइपचा, 3 मिमी जाडीचा, कोपऱ्यांत त्रिकोणी पत्रे वेल्ड केलेले. पुढे इंजिनाचीच रबर माउंटिंग, मागे 8 मिमीची प्लेट, तीही रबरावर. भोकं गोल न पाडता लांबट खाचा पाडल्या, त्यामुळे वेगवेगळी इंजिनं थोडं पुढेमागे करून बसतात. चार सिलिंडरची पेट्रोल इंजिनं या सांगाड्याने सहज पेलली, एकही वेल्ड तडकला नाही. एक गोष्ट आधी सुचली नव्हती: बऱ्याच इंजिनांचा सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, बोल्ट होतो तो गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगला. गिअरबॉक्स नाही तर सेल्फ लावणार कुठे? शेवटी भंगारातल्या गिअरबॉक्सचं तोंड कापून तेवढंच वापरलं. फ्लायव्हील लावायचं, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट काढून ठेवायची.

चाकं लावली ती हौसेने. ब्रेकवाली होती, तरी पहिल्याच दिवशी दीड हजार आरपीएमला स्टँड हळूहळू माझ्याकडे चालत यायला लागला. आता चाकं फक्त हलवण्यापुरती. चालवताना चारही कोपऱ्यांचे स्क्रूचे पाय खाली उतरवतो आणि चाकं अधांतरी ठेवतो.

आता केबलची गोष्ट. बॅटरीची निगेटिव्ह वायर मी सांगाड्याला जोडली होती. गाडीत बॉडीला अर्थ असतो, तसाच इथे, असा विचार. पण इंजिन रबरावर बसलेलं. त्याचा आणि सांगाड्याचा लोखंडाला लोखंड असा संबंध कुठेच नाही, फक्त एक सोडून: अॅक्सिलरेटरची केबल. सांगाड्यावरच्या खटक्यापासून कार्बोरेटरपर्यंत. सेल्फ मारला, इंजिन कण्हल्यासारखं अर्धा वळसा फिरलं, आणि केबलच्या प्लास्टिकमधून धूर यायला लागला. सेल्फचा शेकडो अँपिअर करंट त्या पातळ तारेतून जात होता! हात लावला तर आवरण बोटाला चिकटलं. केबल आतून चिकटून बसली, ती पुन्हा मागे आलीच नाही. इंजिन चालू झालं असतं तर थ्रॉटल उघडाच अडकला असता. तेव्हापासून जाड अर्थ केबल बॅटरीपासून थेट ब्लॉकवर, सेल्फच्या जवळ, रंग खरवडून. सांगाड्याला वेगळी छोटी वायर.

दुसरी चूक रेडिएटरची. दिसायला बरा म्हणून खाली, इंजिनाच्या बरोबरीने बसवला होता. तिसऱ्या इंजिनाला तापमानाचा काटा निम्म्यावर, आणि हेडजवळ मात्र होज इतकी गरम की हात टेकवेना. हवा हेडमध्ये अडकली होती. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला नसेल तर काट्यावर विश्वास ठेवू नका. आता रेडिएटर एवढा वर आहे की त्याचं झाकण सगळ्या सिस्टिममध्ये सर्वांत उंच. तेव्हापासून हवा आपोआप निघते. गाडी पळताना मिळणारा वारा इथे नाही, म्हणून फॅन सतत चालू, आणि पुढे जाळी. जाळीशिवाय फॅनजवळ वाकायचं नाही, सैल बाह्यांनी तर अजिबात नाही.

पेट्रोलचा डबा सायलेन्सरच्या विरुद्ध टोकाला आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी, यावर तडजोड नाही. पंप दोन ठेवावे लागतात. कार्बोरेटरला 0.2 ते 0.3 बार पुरतं, इंजेक्शनच्या इंजिनाला साधारण 3 बार लागतं. इंजेक्शनचा पंप कार्बोरेटरला जोडलात तर फ्लोटची सुई (आत येणारं पेट्रोल बंद करणारी) तो दाब अडवू शकत नाही आणि पेट्रोल वरून सांडतं. पंपाची वायर मी ऑइल प्रेशर स्विचमधून नेली आहे, इंजिन थांबलं की पंप थांबतो. इंजेक्शनवाल्यांत इमोबिलायझर (चुकीच्या किल्लीने गाडी सुरू न होऊ देणारी चोरीविरोधी यंत्रणा) असेल तर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), किल्ली आणि किल्लीभोवतीची रिंग एकाच गाडीची आणा. नाहीतर इंजिन दोन सेकंद चालून मरतं आणि माणूस दिवसभर पेट्रोलचा दोष शोधत बसतो. मी बसलो होतो.

लाल बटण लांबून हात पोचेल तिथे आहे, इग्निशन आणि पंप दोन्ही तोडतं. डिझेलला मात्र हे बटण पुरत नाही. टर्बोचं सील गेलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं, वायर तोडून काही होत नाही. त्यासाठी इनटेकच्या तोंडावर दाबायला जाड फळी लटकवून ठेवलीय. हात कधीच नाही.

स्टँड काय सांगतो? लीकेज, ऑइल प्रेशर, टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाज, टायमिंग, एखादा सिलिंडर मारत नसेल तर ते. पहिल्या स्टार्टआधी प्लग काढून, पंप बंद ठेवून, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत सेल्फवर फिरवतो. ऑइल प्रेशरचं घड्याळ मेकॅनिकलच लावलंय. काय सांगत नाही? लोडखाली काय होतं ते. पाचवं इंजिन इथे घड्याळासारखं चाललं आणि गाडीत चढावर मिसिंग करायला लागलं. कॉइल लोड आल्यावर दगा देत होती. पिस्टनच्या रिंगाही इथे नीट बसत नाहीत, त्यांना लोड लागतो. नवीन रिंगांचं इंजिन तासभर आयडलवर घुमवत ठेवलंत तर बोअर (सिलिंडरच्या आतल्या भिंती) गुळगुळीत होतात आणि मग इंजिन ऑइल खातं. मी गरम होऊन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवतो, गळती बघतो, बंद करतो. अपवाद जुन्या पद्धतीच्या सपाट टॅपेटच्या नव्या कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा). तिथे सुरू होताच साधारण 2000 आरपीएमवर वीसेक मिनिटं ठेवावं लागतं, आयडलवर सोडायचं नाही.

आणि हे सगळं उघड्यावर. शटर अर्धं उघडं म्हणजे उघड्यावर नव्हे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आठ महिन्यांत मोडलं ते फक्त घड्याळांचं पॅनेल. सांगाड्यावरच ठोकलं होतं, थरथरीने तापमानाच्या काट्याची वायर तुटली आणि टॅकोमीटर बंद पडला. आता ते वेगळ्या पायावर उभं आहे. नट सगळे नायलॉकचे, म्हणजे सैल होऊ नयेत म्हणून आत नायलॉनची रिंग असलेले, तरी दर इंजिनाआधी पाना फिरवतोच. मागच्या प्लेटचा डावीकडचा खालचा बोल्ट दरवेळी पाव वळसा सैल सापडतो. का, ते अजून उमगलेलं नाही.